चार-चारचा साखरपुडा

दोन दिवस लूमची खडखड बंद होती, आणि भिवंडीत लूम गप्प झाले की माणसं आधी दाराला कडी घालतात. गावात जमावबंदी होती. अब्दुर्रहमान मास्तरांच्या लेकीचा, अतियाचा, साखरपुडा मात्र आजच उरकायचा होता. परवा मुलगा दोन वर्षांसाठी दोहाला जाणार होता, आणि पोलिसांची भानगड दिसली तर आम्ही आल्या पावली परत जाऊ, असा त्याच्या बापाचा, कासमभाईंचा, पडघ्याहून निरोप होता.

मास्तरांनी तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं होतं. घटनेत आणि कायद्यात जेवढं लिहिलंय तेवढंच सरकारला करता येतं, त्यापुढे एक पाऊल नाही, असं ते ठासून सांगत. त्यांचा मेहुणा सिराज लूमवाला. त्याचं म्हणणं एवढंच, "दुल्हाभाई, लाठीला वाचता येत न्हाय."

तरी मास्तर नाक्यावर जाऊन भिंतीवरचा हुकूम चिठ्ठीवर उतरवून घेऊ लागले. 'पाच किंवा अधिक व्यक्तींनी' एवढं लिहिलं आणि पोलिसांची गाडी वळताना दिसली. पुढचं न वाचताच ते घरी पळाले. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

पाहुणे बारा, घरचे चार. पाच नको म्हणजे चार चालतात, असा मास्तरांनी अर्थ लावला. चौघं बैठकीत, चौघी स्वयंपाकघरात. उरलेले आठ जण गल्लीत चार-चार करून, मध्ये दहा पावलं सोडून उभे केले. सिराजही त्यांतच.

अतिया सरबत घेऊन बैठकीत आली आणि मास्तरांनी पुन्हा डोकी मोजली. पाच झाले होते. त्यांनी हात जोडून कासमभाईंना जरा बाहेर जायला सांगितलं. बाहेर कुठल्याही घोळक्यात गेले तर तिथे पाच होणार, म्हणून बिचारे दहा पावलांच्या मधोमध एकटे उभे राहिले. नेमके तेव्हाच हवालदार पंढरी गल्लीत शिरले. त्यांना एका ओळीत नऊ माणसं दिसली. त्यांनी मधल्याचं, कासमभाईंचं, मनगट धरलं.

मास्तर धावत बाहेर आले. सोयरीक मोडली, असं त्यांना वाटलं. चिठ्ठी पुढे करत ते म्हणाले, "साहेब, चार, चार आणि एक. हुकुमात अंतर लिहिलेलं नाही."

हवालदारांनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. "पुढचं कुठंय? 'सार्वजनिक ठिकाणी' लिवलंय तिथं. घरात पन्नास बसा, कोन मोजतंय? तुमी तर घरातली मानसं रस्त्यावर आनून उभी केली."

सिराज आभाळाकडे बघत राहिला. मास्तरांनी चिठ्ठी परत घेऊन खिशात घातली.

"चला, सगळे आत," हवालदारांनी फर्मावलं आणि सगळ्यांना बैठकीत ढकललं. स्वतःही आत आले. सतरा माणसांत श्वास घ्यायला जागा नव्हती. मुलाच्या आईने त्या गर्दीतच अतियाला अंगठी घातली. कासमभाई मनगट चोळत सरबत प्यायले, पण गेले नाहीत.

मास्तरांना तेवढ्यानं धीर आला. ते सिराजच्या कानाशी लागले, "पण आपल्याला आत कोंबायचा अधिकार यांना कुठे लिहिलाय?"

हवालदारांनी ऐकलं. "न्हाय लिवलेला, मास्तर. परत बाहेर काडू का?"

मास्तरांनी लेकीच्या बोटाकडे पाहिलं.

"नको साहेब," ते म्हणाले, "लिहिल्यासारखंच आहे."