कठड्यावरील पायाचा तह

शेनयांग शहरचे तळ्याकाठील बागेत, ऐन बर्फाचे मोसमी, जे थोर युद्ध जाहले आणि ज्यात एक पाय कामी यावयाचा तो थोडक्यात वाचला, त्याची हकिगत घडली तैशी लिहिली आहे.

बागेत रोज सकाळी कसरतीस जमणाऱ्या वृद्धांचे फौजेचे सरलष्कर क्वांग देचेंग. लोखंडाचे कारखान्यातील विभागप्रमुखी सुटोन वर्षे लोटली, परंतु त्या मुलखी हुद्दा माणसास मरेतो चिकटतो, म्हणोन सारे त्यांस प्रमुखसाहेब म्हणत. आणि घरी सुनेचा अंमल, चहासही कोणी पुसेना, सबब कवायतीचे हुकूम पुकारावयाचा कर्णा एवढीच दौलत उरली होती. त्यांचा हुकूम ऐसा की, बागेत येताच पाय कठड्यावर टाकावा, गुडघा ताठ ठेवावा आणि हलू नये. हिसके देऊन वाकणारा एक पंथ पूर्वी होता, तो कंबर धरोन नामशेष जाहला. मग म्याव गुइलान, बालवाडीच्या जुन्या बाई, यांनी बंड केले की गार अंग ताणू नये, आधी हातपाय झुलवोन ऊब आणावी, मग ताणावे. आणि निम्मी फौज फितूर जाहली.

कर्णा जातो ऐसे पाहोन साहेबांस त्वेष चढला आणि गारठलेला पाय त्यांनी थेट वरच्या दांडीवर चढविला. फौजेने वाहवा केली. मग उतरवू जाता मांडी ऐशी धरली की पाय हलेना, आणि मदत मागावी तर अब्रू जाते, म्हणोन साहेब कसरत चालू असल्याचा आव आणोन उभेच राहिले. आणि फौज निरोप घेवोन गरम सोयादूध प्यावयास निघोन गेली. म्यावबाई तेवढ्या मागे राहिल्या.

“प्रमुखसाहेब, पाय अडकलाय ना?”

“अडकला नाही. ठेवलाय.”

“बरं, ठेवा मग. माझं दूध निवतंय.”

बाई चार पावले गेल्या आणि साहेबांचा सारा रुबाब गळाला.

“अहो म्यावबाई, जरा धरा की. हळू हं.”

“धरते. कर्णा कुठंय?”

“पिशवीत.”

मग पाय हवेत असताच तह ठरला की कर्णा बाईंकडे जावा, आधी झुलवणे मग ताणणे व्हावे, आणि झाल्या गोष्टीची वाच्यता न व्हावी. त्याउपरी पाय जमिनीस लागला.

दुसरे दिवशी बाईंनी कर्ण्यातून पुकारिले की प्रमुखसाहेबांचे आज्ञेवरून आजपासोन आधी पाय झुलवावे. साहेब शेवटचे रांगेत, घोट्याएवढा पाय उचलोन झुलवीत, फौजेचे मुजरे घेत होते. येणेप्रमाणे क्वांग साहेबांची पूर्ण फत्ते जाहली, ऐसे दप्तरी नमूद केले. हे शेवटचे कलम लिहितेसमयी साहेब स्वतः लिहिणाराचे शेजारी बसोन मजकूर सांगत होते.