भाऊंचा वॉशर

आमचे भाऊ, म्हणजे माझे मोठे दीर, महिनाभर पाय वर आणि डोकं खाली करून झोपले. हौस म्हणून नव्हे. पोटातलं आंबट वर येऊ नये म्हणून डॉक्टरांनी पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवायला सांगितल्या होत्या. भाऊंनी त्या शेजारच्या पोराकडून ठेवून घेतल्या. निजायला गेले तेव्हा लक्षात आलं की विटांची बाजू उत्तरेला आहे. उत्तरेला डोकं मेलेल्या माणसाचं करतात. विटा हलवायच्या तर वाकावं लागणार, आणि वाकायचं नाही असं डॉक्टरांनीच बजावलेलं. मग भाऊ स्वतःच फिरले. रोज सकाळी उठून डॉक्टरला शिव्या. "त्याच्या विटांनी उलट लई वर येतंय." शेवटी जाऊबाईंनी विटा उचलून दुसऱ्या बाजूला लावल्या. दोन दिवसांनी भाऊ म्हणाले, "आता गोळी लागू पडली."

भाऊ आमच्या गावात पाणी सोडायचे. पंचायतीची टाकी आणि तिचे व्हॉल्व्ह त्यांच्या ताब्यात. कोणत्या आळीला किती वेळ पाणी, हे त्यांच्या मनावर असायचं. तेव्हा गाव त्यांना रामराम घालायचं. किल्ली दुसऱ्याकडे गेली आणि रामरामही तिकडे गेला.

नगरला दुर्बीण घातली तेव्हा डॉक्टर म्हणाले, अन्ननळीच्या तळाशी झडप असते ती सैल पडलीय, आणि पोटाचा थोडा भाग छातीखालच्या पडद्याच्या भोकातून वर सरकलाय, म्हणजे हर्निया. दुसरा कोणी घाबरला असता. भाऊ खूश झाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना डॉक्टरचं बोलणं सगळं समजलं होतं. घरी येऊन म्हणाले, "काही न्हाई, वॉशर गेलाय." तेव्हापासून जो येईल त्याला ओट्यावर बसवून हेच. "ही खाली टाकी. ही वर पाइप. मधला वॉशर ढिला. वाकलं की पाणी उलटं." चहा प्यायला आलेला माणूस कप तसाच ठेवून जायचा.

डॉक्टरांनी सांगितलेलं एक अक्षर त्यांनी वाया जाऊ दिलं नाही. थोडं थोडं खा म्हणाले, तर दर दोन तासांनी वाटी वाजवायची. तिखट नको म्हणाले, तर जाऊबाईंनी तासभर खपून केलेल्या आमटीतली वांगी भाऊ त्यांच्या देखत नळाखाली धुऊन खाणार. जाऊबाई एकदा म्हणाल्या, "साबण देऊ का?" कमरेला घट्ट बांधू नका म्हणाले, तर पायजम्याचा नाडा ढिला. तो पायजमा एका हातानं धरून भाऊ गावभर हिंडायचे.

राहुरीला भाच्याचं लग्न होतं. पंगतीत एकानं विचारलं, "भाऊ, जेवत का न्हाई?"

"मला हर्निया हाय."

त्या माणसानं पायजमा धरलेल्या हाताकडे बघितलं.

"खाली काय बघतो? वरचा हाय."

"वरचा कुठं असतो का, भाऊ?"

सगळी पंगत हसली. पदरात तोंड घालून सगळ्यात जास्त मी हसले.

आणि गेल्या दिवाळीपासून माझ्याच छातीत जळायला लागलं.

मधल्या हाडामागे आग. कधी पाठीतून कळ. माझी आई छातीत कळ येऊनच गेली, दुपारी, पीठ मळता मळता. मला वाटलं, माझंही तेच. धीर करून ह्यांना जळतंय एवढंच सांगितलं. हे म्हणाले, "घरात एक नमुना हाय तेवढा बास. तू दुसरी होऊ नको." मग मी गप्प बसले. तशीही मी फार बोलत नाही. भाऊंशी तर बावीस वर्षांत एक शब्द नाही. धाकट्या भावजयीनं बोलायचं नसतं.

एका सकाळी अंगण झाडताना वाकले आणि आंबट पाणी घशापर्यंत आलं. ते गिळून मी झाडू धरून उभी राहिले. भाऊ ओट्यावर होते, रस्त्याकडे बघत. तसंच रस्त्याकडे बघत ते जाऊबाईंना मोठ्यानं म्हणाले, "धाकटीला सांग, उद्या सकाळी पानी पन प्यायचं न्हाई. नगरला जायचंय."

हे म्हणाले, "उद्या ऊसतोड हाय. मला जमायचं न्हाई."

"तुला कोन म्हनलं ये?"

दवाखान्यात डॉक्टरांनी मला विचारलं, काय होतंय? माझं तोंड उघडेना. भाऊ छताच्या पंख्याकडे बघत बोलायला लागले. "दिवाळीपासून हाय. जेवताना चारदा पान्याला उठती, हंड्याचा आवाज येतो. चहा सोडलाय. दुपारी आडवी होत न्हाई, भिंतीला टेकून बसती. पन डॉक्टर, तिला वाटतंय हार्टचं हाय. तिची आई तशी गेली. आधी ते बघा."

मी हे घरात कोणालाच सांगितलं नव्हतं.

आधी ईसीजीची पट्टी काढली. हृदय चांगलं निघालं. मग दुर्बीण घातली. भाऊंचंच दुखणं, फक्त लहान.

बाहेर बाकावर भाऊ समोरच्या भिंतीला म्हणाले, "मला पन आधी हार्टच वाटलं हुतं. वर्षभर कोनाला बोललो न्हाई. मग बोलाय लागलो, ते थांबताच येईना."

स्टँडवर त्यांनी दोन केळी घेऊन बाकावर ठेवली. "घसा बधिर हाय. अर्धा तास खायचं न्हाई." आणि घड्याळ बघत बसले. अर्धा तास झाला. भूक लागली होती, पण दिरासमोर मी कधी घास खाल्लेला नाही. मी नुसती केळ्यांकडे बघत राहिले.

भाऊ उठले. चार पावलं जाऊन माझ्याकडे पाठ करून वेळापत्रकाच्या फळ्यासमोर उभे राहिले आणि मोठ्यानं वाचायला लागले. "पारनेर. शेवगाव. संगमनेर."

शेजारचा एक जण म्हणाला, "आजोबा, कुठं जायचंय?"

"कुठं न्हाई. वाचतोय."

फळा संपला की ते परत वरून सुरू करत. मी सावकाश खाल्लं. आमच्या गावावरून जाणारी देवळालीची गाडी लागली, भरली आणि गेली. भाऊ वाचतच होते.