सोमवारपर्यंत स्थानिक

मे महिन्यात ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार आला, की उत्तर युरोपातली माणसं शुक्रवारची रजा टाकतात आणि उन्हाच्या शोधात स्पेनमधल्या आमच्या मालागात उतरतात. गेल्या वर्षी नेदरलँड्समधल्या ख्रोनिंगेनहून फेम्के आणि वाउटर हे जोडपं आलं. फेम्के दंतवैद्य, वाउटर पूरनियंत्रणाचा अभियंता. दोघंही सज्जन. किल्ला चढायचा नाही, संग्रहालयात शिरायचं नाही, चार दिवस फक्त स्थानिकांसारखं राहायचं, असा त्यांचा निश्चय होता. त्यासाठी त्यांनी आमच्या गल्लीतल्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर भाड्याने घेतलं होतं.

अडचण एवढीच, की गल्लीत स्थानिक माणूस जवळजवळ उरलाच नव्हता. कोपऱ्यावरचं कॉफीचं दुकान माझं, पण मीसुद्धा सकाळी बसने येतो आणि रात्री बसने परत जातो. जिन्यात जो कुणी भेटेल त्याला फेम्के मोठ्या उमेदीने "ओला!" असा स्पॅनिश नमस्कार करायची. समोरूनही तेवढ्याच उमेदीने "ओला!" यायचं. मग दोघांना एकमेकांच्या हातातल्या चाकांच्या बॅगा दिसायच्या आणि दोघंही हिरमुसून आपापल्या वाटेला लागायचे.

शुक्रवारी सकाळी दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं आणि पावाची पिशवी घेऊन कासिल्दाबाई बाहेर आल्या. वय सत्तरीच्या पुढे, पायात घरातल्या सपाता, बॅग नाही.

फेम्के जागच्या जागी थबकली. "वाउटर," ती कुजबुजली, "ही खरी आहे रे!"

कासिल्दाबाई खऱ्याच होत्या. त्यांचा जन्म त्याच घरात झाला होता. त्यांना अजून तिथे राहू दिलं जात होतं ते मात्र परिसर-स्वभाव संवर्धन मंडळाच्या कृपेने. पर्यटक उतरतात अशा प्रत्येक इमारतीच्या दर्शनी भागात किमान एक स्थानिक रहिवासी सुस्थितीत उपलब्ध असणे बंधनकारक आहे, असा मंडळाचा आदेश होता. सदर इमारतीचा सदर रहिवासी म्हणजे कासिल्दाबाई. सकाळ-संध्याकाळ बाल्कनीत यायचं, कपडे वाळत घालायचे आणि अधूनमधून खाली बघून कुणावर तरी खेकसायचं, हे त्यांचं काम.

फेम्के आणि वाउटर त्यांना माझ्या दुकानात घेऊन आले. बाईंनी नेहमीसारखी भरपूर दुधाची, आम्ही जिला 'ढग' म्हणतो ती कॉफी घेतली आणि मन मोकळं केलं.

"रविवारी चर्चमध्ये नातीचं पहिलं कम्युनियन आहे, तिकडे अंतेकेरा गावी. तिच्या पांढऱ्या झग्याची लेस मी स्वतः विणलीय. पण मंडळ रजा देईना. लाँग वीकेंडला स्थानिकांना रजा नाही म्हणे, हंगाम असतो."

फेम्केच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही जा हो बाई. तुमचं काम आम्ही करू."

"जमेल का गं तुला? कपडे वाळत घालायचेत."

"आम्ही पावसात वाळवतो, बाई. उन्हात काय अवघड आहे?"

बाईंनी दोघांचे मुके घेतले, किल्ली दिली, आपला फुलाफुलांचा झगा दिला आणि दुपारच्या बसने त्या गेल्या.

शनिवारी सकाळी बाईंच्या बाल्कनीत फुलाफुलांच्या झग्यात फेम्के चादरी वाळत घालत होती. वाउटर नुसत्या बनियनमध्ये बसून एकटाच डॉमिनो मांडत होता. इतक्यात खालून दगडी फरसबंदीवर बॅगा खडखडवत एक घोळका आला. त्या खडखडाटाने वाउटरची झोप सलग दोन रात्री मोडली होती. त्याला राहवेना. तो कठड्यावर ओणवा झाला.

"अरे, बॅगा उचलून न्या की! इथे माणसं राहतात! स्वतःच्या गावात बसवत नाही का तुम्हाला?"

घोळका हरखला. "स्थानिक! स्थानिक!" म्हणत सगळ्यांनी फोन वर केले. टाळ्या पडल्या.

त्या गर्दीतच मंडळाचे तपासनीस बाल्दोमेरो लुके उभे होते, शेजारी इमारतीचे मालक एलादियोसाहेब. दोघं वर आले.

"उच्चार जरा उत्तरेकडचा आहे," लुके म्हणाले, "पण तळमळ अस्सल. त्या कासिल्दाबाई कधी कुणावर खेकसत नाहीत. उलट पाणी विचारतात. त्या पुरेशा स्थानिक वाटत नाहीत, अशा पाहुण्यांच्या तक्रारी आहेत."

फेम्केला खोटं जमत नाही. ती घाबरून म्हणाली, "साहेब, आम्ही ख्रोनिंगेनचे. सोमवारी जाणार. बाई उद्या येतायत."

लुके यांनी निकाल दिला. "स्थानिक म्हणजे जो स्थानावर आहे तो. तुम्ही आहात. बाई नाहीत. सोमवारपर्यंत तुम्ही स्थानिक."

"आणि या कामाचे तुम्ही काय घेता?" एलादियोसाहेबांनी सावधपणे विचारलं.

"घेतो? छे हो, आम्हीच पैसे भरलेत!" वाउटर अभिमानाने म्हणाला.

एलादियोसाहेब खाली बसले. माणूस हळवा आहे, त्यांना आनंद सहन होत नाही.

रविवारी संध्याकाळी कासिल्दाबाई केकचा डबा घेऊन परतल्या, तर दाराला नवं, आकडे दाबून उघडायचं कुलूप. 'एक दिवस कासिल्दा' या नावाने त्यांचं घर पर्यटकांच्या नोंदणीला लागलं होतं. झगा आणि खेकसणं दरात समाविष्ट.

फेम्के हुंदके देत होती. "बाई, आम्हाला खरंच कल्पना नव्हती! आम्ही आत्ता वर जातो."

पण वरच्या घरात एलादियोसाहेबांनी तोवर एक आयरिश कुटुंब उतरवलेलं होतं.

"मग तुम्ही आमच्याकडे राहा," वाउटर म्हणाला. "सोफ्यावर मी झोपतो."

तेही जमेना. दारामागे लावलेल्या नव्या नियमांत रात्री पाहुणा ठेवायला मनाई होती. शेवटी बाईंनीच फेम्केला जवळ घेतलं, डोळे पुसले, केकचा मोठा तुकडा कापून दिला आणि म्हणाल्या, "रडू नकोस गं. नात फार गोड दिसत होती बघ." मग माझ्याबरोबर बसने माझ्या घरी आल्या. आता त्या अंतेकेराला लेकीकडे असतात. तिथे त्या कुणालाच बघायला मिळत नाहीत.

फेम्के आणि वाउटर यांनी घरी पोचल्यावर फार कळकळीने अभिप्राय लिहिला. घर उत्तम, ऊन उत्तम. स्थानिकांचा सहवास मात्र कमी पडला, म्हणून पाचापैकी चार तारे.

ही हकिगत मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. सगळे मनापासून हळहळतात. काहीजण मालकाला शिव्या घालतात. मग कॉफी संपता संपता हळूच विचारतात, त्या बाल्कनीतून समुद्र दिसतो का हो?

तुमच्याही ओठांवर आलंच होतं ना? दिसतो. पण नाताळपर्यंत जागा नाही.