मेश्रामकाकांचा हिवाळा

आमच्या वुडलँड्सच्या ब्लॉकमध्ये त्या वर्षी हिवाळा जुलैत सुरू झाला. म्हणजे मेश्रामकाकांच्या फ्रीजमध्ये.

सकाळीच बेल वाजली. दारात काका उभे. हातात दुधाचा खोका, कोथिंबिरीची जुडी, अर्धा दुधी आणि कालच्या वरणाची वाटी.

"ताई, हे तुमच्याकडे ठेवा. माझ्याकडे हिवाळा लागला."

मी मुकाट्याने घेतलं. लोक शेजाऱ्यांकडे घराची किल्ली ठेवतात, आमच्या शेजाऱ्यांनी अख्खी भाजीमंडई ठेवली होती. आणि त्यांच्या फ्रीजमध्ये काय? तर एक कुंडी!

त्या कुंडीत स्लिपर ऑर्किड होतं. चपलेच्या पुढच्या टोकासारखं पिवळं, फुगीर फूल येतं म्हणे. म्हणे, कारण पाहिलंय कोणी? बाई गं, या सिंगापुरात ऑर्किडला काय तोटा! रस्त्याकडेच्या झाडांच्या बुंध्यांवरसुद्धा न मागता फुलतात. पण काकांनी रीतसर परवान्याने मागवलं ते थंड देशातलं. तीन महिने गारठ्यात झोपल्याशिवाय ते फुलायचं नावच घेत नाही. विषुववृत्तावर राहून असले लाड कशाला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "सोपं तर कोणालाही जमते, ताई."

काका मूळचे नागपूरचे. कॉम्प्युटरच्या चिप बनवायच्या कारखान्यात इंजिनिअर होते, तिथे धुळीचा एक कण आत आला तरी चौकशी बसायची. काकू गेल्या, मग नोकरीही संपली, आणि सगळी शिस्त त्या कुंडीवर येऊन पडली. फ्रीजमध्ये थर्मामीटर. फळांना तर बंदीच, केळी जवळ असली की झाड बिघडतं म्हणून. उरलेलं वर्षभर कुंडी खिडकीजवळच्या सावलीत, तिच्यासमोर टेबलफॅन आणि मातीवर बर्फाचे खडे. काका स्वतः शेजारी बसून वर्तमानपत्राने वारा घेणार. आमची लेक ऋचा एकदा म्हणाली, "अंकल, प्लँट गॉट फॅन, यू नो फॅन. व्हाय लाइक दॅट?"

"ते पाहुणं आहे, बेटा," काका गंभीरपणे म्हणाले.

एवढं करून फूल? दोन हिवाळे झाले, एक कळी नाही. पण तत्त्वज्ञान मात्र भरघोस फुललं होतं. "थंडी खाल्ल्याशिवाय फूल येत नाही!" हे वाक्य ते कोणाच्याही तोंडावर मारायचे. महाराष्ट्र मंडळात एका बँकवाल्यांनी कौतुकाने सांगितलं की, आमचा मुलगा एसीशिवाय झोपतच नाही, महागड्या कॉन्डोची सवय ना! काका म्हणाले, "मग कठीण आहे. थंडी खाल्ली नाही पोरानं." बँकवाल्यांना कळेना, एसीत झोपणाऱ्याने आणखी कुठली थंडी खायची. आमच्या ह्यांचं प्रमोशन हुकलं, तेव्हा काका पेढे घेऊन आले. "खाऊ द्या त्यांना थंडी. फुलतील." पेढे मीच खाल्ले. हे अजून फुलायचेत.

हेच तत्त्वज्ञान त्यांनी पोटच्या पोरालाही सोडलं नाही. त्यांचा एकुलता एक सुमेध शिकायला कॅनडात गेला. सुरुवातीला बिचारा दर रविवारी फोन करायचा. भिंतीपलीकडून मला काका स्पष्ट ऐकू यायचे. "काहून फोन केला? परवाच तर केला होता! करमत नाही? मग काय झालं? थंडी खा जरा. तेव्हाच माणूस होशील." आणि खाडकन फोन ठेवायचे. मला इतका राग यायचा! एकदा म्हटलंही, "काका, पोरगं आहे ते, कुंडी नाही." त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

सुमेध आज्ञाधारक निघाला. रविवारचा फोन महिन्यावर गेला, मग सणावारावर. शिक्षण संपलं, तिकडेच नोकरी लागली. भिंतीपलीकडे सगळं शांत झालं.

आणि त्या वर्षी त्याचा फोन आला की, डिसेंबरात येतोय. काकांनी हिशेब मांडला. जुलैत झाड आत, ऑक्टोबरात बाहेर, म्हणजे डिसेंबरात सुमेध दारात आणि फूल खिडकीत. सुमेधच्या खोलीला रंग दिला, नवी चादर आणली. "आमच्याकडे हिवाळा मी ठरवतो, ताई!" असं म्हणाले तेव्हा काय ऐट होती!

सप्टेंबरात एका संध्याकाळी मी त्यांची कोथिंबीर द्यायला गेले. दार उघडंच होतं. फ्रीजही उघडा. आणि त्याच्यासमोर काका लादीवर मांडी घालून बसलेले, मांडीवर कुंडी, कुंडीभोवती दोन्ही हात.

"अहो काका, हे काय? हिवाळा चाललाय ना?"

ते दचकले. चोरी पकडल्यासारखे हसले. "आत अंधार असते ना, ताई. एकटंच असते बिचारं. रोज थोडा वेळ बाहेर काढतो. बोलतो जरा."

"रोज?"

"पहिल्या वर्षापासून."

मी कपाळावर हात मारला. दोन वर्षं जगाला थंडी खायला लावणाऱ्या या माणसाने त्या झाडाला एक सलग हिवाळा काही मिळू दिला नव्हता. रोज मांडीवर घेऊन ऊब दिली, मग कशाला येतंय फूल! मी हसणार होते, तेवढ्यात त्यांचा चेहरा पाहिला.

"सुमेध येत नाही म्हणतो," ते म्हणाले. "काम आहे म्हणे. बोलला पण चांगला. 'तुम्हीच म्हणता ना बाबा, करमत नाही म्हणून घरी पळायचं नसते.'" कुंडी त्यांनी आणखी जवळ घेतली. "त्यानं तिकडे गेल्यावर पहिल्या फोनवर सांगितलं होतं, होस्टेलमागच्या रानात हे फूल पाहिलं म्हणून. म्हटलं, घरी पण दिसलं तर आल्यावर त्याला इथं परकं वाटणार नाही."

मला भरून आलं, आणि त्यांचा रागही आला. दोन्ही एकदमच. मी फ्रीजचं दार बंद केलं आणि टेबलावरचा फोन त्यांच्यासमोर आणून ठेवला. "लावा."

"आता? तिकडे सकाळ असंल. ऑफिसला निघाला असंल तो. आणि बोलू काय?"

"लावा म्हणते ना!"

त्यांनी फोनकार्डावरचा नंबर दोनदा चुकवला. शेवटी मीच लावून दिला. पलीकडून सुमेधचा आवाज आला, इतका घाबरलेला की मलाही ऐकू आला. "बाबा? काय झालं? बरं आहे ना सगळं?" बाबांनी आपण होऊन फोन केलाय, म्हणजे काहीतरी वाईटच असणार, एवढं तो शिकला होता.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. घसा खाकरला.

"काही नाही रे, बाळा. थंडी वाजते का तुला तिकडे, एवढंच विचारायचं होतं."

मी फोनजवळच वाकून उभी होते.

"वाजते, बाबा," सुमेध म्हणाला. "खूप वाजते."

मी कोथिंबीर त्यांच्या फ्रीजमध्ये कुंडीच्या जागी ठेवली आणि दार ओढून घेऊन घरी आले.