भीमाबाई, पुन्हा स्वागत आहे!

नेवासा फाट्याजवळच्या एका गावात गहिनीनाथराव राहतात. हायस्कुलात क्लार्क आहेत. त्यांना नुसतं 'गहिनीनाथ' म्हटलेलं चालत नाही, पुढं 'राव' लागतो. शाळेचा शिपाई एकदा राव विसरला, तर त्याचा रजेचा अर्ज आठवडाभर टेबलावर वाळत पडला. तेवढं एक सोडलं तर माणूस अगदी देवगुणी. (हे मत त्यांचं स्वतःचं.)

त्यांच्या घरी एक जुना कॉम्प्युटर आहे. त्यातलं ऑफिसचं सॉफ्टवेअर त्याहून जुनं. रोज उघडलं की वर एक पिवळी पट्टी यायची, 'अपग्रेड करा'. गहिनीनाथराव रोज तिच्यावर फुली मारायचे. चालतंय त्याला हात लावायचा नाही, हे त्यांचं कॉम्प्युटर, नळ आणि संसार या तिन्ही बाबतींतलं धोरण होतं. आणि खरं सांगायचं तर नळ सोडून बाकी दोन्ही बरे चालले होते.

पण आईचं वर्षश्राद्ध आलं. भीमाबाई जाऊन वर्ष होत आलं होतं आणि पत्रिका छापायची होती. प्रेसवाल्या कानिफनाथनं फोनवर निक्षून सांगितलं, "पेनड्राईव्ह आनू नका. मागच्या खेपंला तुमच्या पेनड्राईव्हनं माझं मशीन आजारी पडलं. आन् तुमच्या जुन्या फायलीतली अक्षरं माझ्याकडं नुसते चौकोन दिसत्यात. नवीन घ्या, लिंक पाठवा. सांजच्याला उघडतो आन् हाय तसं छापायला घेतो."

नुसते चौकोन! आईच्या नावाच्या जागी चौकोन छापून आले तर भावकी काय म्हणेल? (भावकी चौकोनांशिवायही बरंच म्हणते, पण ते असो.) गहिनीनाथरावांनी कॉम्प्युटरचं दुकान असलेल्या परवेझभाईला फोन लावला.

"लई सोपं हाय," परवेझभाई म्हणाला. "त्या पिवळ्या पट्टीला दाबा. मग ते जे विचारंल त्याला 'हो' म्हनत चला. पासवर्ड जुनाच."

गहिनीनाथराव 'हो' म्हणत चालले. त्यांच्या पत्नी ज्ञानेश्वरीबाई कणीक मळता मळता आतून ओरडल्या, "अवो, वाचा तरी काय विचारतंय ते!"

"परवेझभाईनं वाचायचं सांगितलं नाही."

ऊन कलायला लागलं होतं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. कॉम्प्युटर घरघरला, पडदा काळा झाला आणि बराच वेळ काळाच राहिला. त्या काळ्यात गहिनीनाथरावांना स्वतःचाच चेहरा दिसत होता आणि तो काही त्यांना बरा वाटला नाही. खिडकीबाहेरच्या शेवग्यावर एक कावळा येऊन बसला. ओरडला नाही, नुसता बसला. मग पडदा पांढराफेक झाला आणि मधोमध अक्षरं उमटली:

भीमाबाई, पुन्हा स्वागत आहे!

"अगंऽऽ!"

ज्ञानेश्वरीबाई कणकेच्या हातानं धावत आल्या. वाचलं. आणि आधी डोक्यावर पदर घेतला. सासूपुढं उघड्या डोक्यानं उभं राहायची सवय नव्हती त्यांना.

परवेझभाई फोनवर हसला. "लॉकडाऊनमधी शाळेच्या कामासाठी तुमचं खातं उघडलं, तवा नंबर कुनाचा दिल्ता? आईचा! तुमीच म्हनला, माझा नको, ओटीपीवाले फसवत्यात, म्हातारीचा द्या. म्हनून नाव बी त्यांचंच पडलं. घाबरू नका. आन् आता तुमच्या फायली कॉम्प्युटरात न्हाई, वर ऱ्हात्यात."

"वर कुठं?"

"वर. ढगात."

गहिनीनाथरावांनी छताकडं पाहिलं. आईही तिकडंच गेली होती, पण हे त्यांनी परवेझभाईला बोलून दाखवलं नाही.

मग ते टायपाला बसले. वेळ, ठिकाण, महाप्रसाद, सगळं झालं आणि गाडी निमंत्रकांच्या नावांपाशी येऊन अडली. कारण तिथं रेश्माचा प्रश्न होता.

रेश्मा ही त्यांची धाकटी बहीण. पाथर्डी तालुक्यात, तिसगावला दिलेली. गेल्या भाऊबीजेला गहिनीनाथरावांनी तिला ओवाळणीत साडी घातली. नवी कशाला, कपाटातली होती. रेश्मानं सगळ्यांसमोर घडी मोडली, पदर उलटून पाहिला आणि म्हणाली, "दादा, ही तर मीच वहिनीला दिल्ती! ह्यो बघ चहाचा डाग. दुकानात माझ्याच हातनं सांडल्ता." घर खदाखदा हसलं. (डागाची साडी आधी दिली कुणी, हा प्रश्न कुणीच विचारला नाही.) गहिनीनाथरावांनी त्याच रात्री मोबाईलमधून तिचा नंबर खोडून टाकला. तेव्हापासून बोलणं बंद. पत्रिकेत तिचं नाव घालायचं नाही आणि तिला बोलवायचंही नाही, असं त्यांनी पक्कं ठरवलं होतं.

पण मनाला एक काटा टोचत होता. आईच्या दहाव्याला प्रवरेच्या काठी पिंडाला कावळा शिवेना. झाडावर बसलेत दाटून, खाली एक येईना. नातेवाईक एकेक कबूल करून दमले. शेवटी गहिनीनाथरावांनी हात जोडले, "आई, तुझ्या रेश्माला मी कधी अंतर देणार नाही." शब्द तोंडातून पुरते बाहेर पडायच्या आत कावळा झेपावला. अख्ख्या भावकीनं पाहिलं. रेश्मा ओक्साबोक्शी रडली. जाताना तिनं आईचं लुगडं घेतलं नाही की भांडं घेतलं नाही, फक्त तिचा मोबाईल नेला. आईच्या आवाजातली भजनं होती त्यात.

गहिनीनाथरावांनी खिडकीकडं पाहिलं. कावळा पडद्याकडंच बघत होता. त्यांनी खिडकी लावली, 'निमंत्रक: गहिनीनाथराव, सौ. ज्ञानेश्वरी व समस्त भावकी' असं टाईप केलं, कानिफनाथला लिंक धाडली आणि चहा प्यायला आत गेले.

परत आले तर निमंत्रकांत पहिलं नाव होतं रेश्मा. त्याच्याखाली 'गहिनीनाथराव' नव्हतंच. तिथं लिहिलं होतं, 'गैन्या'.

त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. गैन्या त्यांना या जगात एकच बाई म्हणायची. नोकरी लागल्यावर त्यांनी तिला परोपरीनं समजावलं होतं, पण तिनं शेवटपर्यंत ऐकलं नाही.

"तू केलंस हे?" त्यांनी बायकोला विचारलं.

"माझे हात बघा! ह्या कनकेनं तुमचं यंत्र चिकटलं नसतं का?"

गहिनीनाथरावांनी रेश्माला खोडलं, गैन्याला खोडलं, पुन्हा 'गहिनीनाथराव' लिहिलं. आणि मग दोघांच्या डोळ्यांदेखत पडद्यावर एक इवलंसं लाल निशाण उगवलं. निशाणावर नाव होतं भीमाबाई. ते हळूहळू सरकायला लागलं. थांबायचं, पुन्हा सरकायचं, भीमाबाई गुडघे दुखायला लागल्यापासून चालायच्या तसं. ते 'गहिनीनाथराव'पाशी पोचलं आणि एकेक अक्षर गिळत मागं आलं. की-बोर्डला कुणाचाही हात नव्हता. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. मग अक्षरं उमटली. रे. श्मा. खाली गै. न्या.

"आत्याबाईंना तर लिवता येत नव्हतं वो," ज्ञानेश्वरीबाई कुजबुजल्या. "अंगठा लावायच्या."

"वर्ष झालं. शिकली असेल."

"व्हय. वर काय, वेळच वेळ."

गहिनीनाथरावांनी भिंतीतला प्लग उपटला. देवाचं नाव घेतलं. बऱ्याच वेळानं धीर करून पुन्हा लावला. फाईल सेव्ह केली नव्हती, म्हणजे सगळं पुसलं जायला हवं होतं. आयुष्यभर त्यांचं सगळं असंच पुसलं गेलेलं. पण नाही! रेश्मा जागच्या जागी होती, गैन्या होता आणि लाल निशाण लुकलुकत वाट बघत होतं.

त्यांनी परवेझभाईला फोन लावला. त्याची बायको नाझनीन बोलली, "ते नमाजला गेलेत. काय निरोप देऊ?"

"सांगा, आई आलीये."

"अरे वा! मग आईंशी बोला निवांत. घाई नाही," म्हणत तिनं फोन ठेवला.

ज्ञानेश्वरीबाईंनी उदबत्ती लावली. की-बोर्डला हळदीकुंकू वाहिलं. बाकीचं काही असो, गहिनीनाथरावांनी कबूल करून मोडलं होतं, आणि जिला कबूल केलं होतं तीच समोर येऊन बसली होती. त्यांनी पत्रिकेतल्या नावांखालीच एकेक बटण शोधत लिहिलं: आई, तू आहेस का?

निशाण थबकलं. फार वेळ थबकलं. मग उमटलं: मंग कोन.

ज्ञानेश्वरीबाईंनी जमिनीवर डोकं टेकलं.

काय राहिलं आई?

पोरीचं नाव.

घातलं, आता काढणार नाही. माझ्या नावाला राव राहू दे का?

न्हाई.

निशाण पुन्हा सरकलं: ती साडी कोनाची दिली.

'साडी ज्ञानेश्वरीनं काढून...' इथवर त्यांनी लिहिलं आणि पाठीत धपाटा बसला. "खोटं बोलताय? आईशी? तेबी मेलेल्या?" त्यांनी निमूट खोडलं आणि लिहिलं: चुकलं.

लाल निशाण लुकलुकत राहिलं. मग: फोन कर.

कुणाला?

मला.

रेश्माचा नंबर खोडून टाकलेला, पण आईचा तोंडपाठ होता. तो कसा विसरणार? मेलेल्या माणसाचा नंबर वर्षभर चालू कसा राहील, असा विचारसुद्धा त्यांना शिवला नाही. त्यांनी एकेक आकडा दाबला. रिंग गेली. ज्ञानेश्वरीबाईंनी त्यांचा दंड घट्ट धरला. पलीकडून कुणीतरी उचलला. आवाज नाही, नुसता श्वास.

"आई?"

श्वास हलला. मग एक हुंदका आला.

"दादा... मी हाय रे."

गहिनीनाथरावांनी फोन कानापासून काढून नंबर पुन्हा पाहिला.

"आईचा मोबाईल हाय न्हवं माझ्याकडं," रेश्मा रडत, हसत बोलत होती. "दर महिन्याला रिचार्ज मारते मी. नंबर बंद पडू न्हाई म्हनून. आज त्यात आपोआप फाईल आली, आईचं वर्षश्राद्ध. उघडून बघते तर माझं नावच न्हाई. राग आला, मी घातलं. तुझं गैन्या केलं. तर डोळ्यांदेखत आईच्या नावाचं निशान माझं नाव पुसाय लागलं. दादा, मी किती भ्याले ठावं हाय का? मला वाटलं आईच पुसतीय मला."

"मग?"

"मंग गैन्याच्या जागी 'राव' आलं, तवा कळलं. आई मेली तरी तुला राव म्हननार न्हाई. म्हनलं, ह्यो दादाच."

गहिनीनाथरावांना हसू आलं, आणि हसता हसता रडू कोसळलं, आणि ते चांगलं मोठ्यानं. "ये गं," ते म्हणाले. "श्राद्धापर्यंत थांबू नको, उद्याच ये." ज्ञानेश्वरीबाईंनी फोन ओढून घेतला आणि नणंद-भावजयांचं तिन्हीसांजा उलटून गेल्या तरी संपलं नाही.

या सगळ्यात कानिफनाथची आठवण कुणालाच राहिली नाही. त्यानं सांगितल्याप्रमाणे सांजच्याला लिंक उघडली, होतं तसं छापलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पत्रिका गावभर वाटूनसुद्धा टाकल्या.

"छापताना माझे डोळे भरून आले," तो फोनवर म्हणाला. "'आई, तू आहेस का? मंग कोन.' असं आजवर कुनी छापलंच न्हाई वो! आन् ते 'राव राहू दे का? न्हाई.' काय तो नम्रपना!"

श्राद्धाला न बोलावलेलेसुद्धा आले. बाया पत्रिका वाचून डोळे पुसत होत्या. हेडसरांनी खांद्यावर हात ठेवला, "फार हृदयस्पर्शी, गैन्याराव." शाळेच्या शिपायानं राव लावायचे कष्टही घेतले नाहीत.

कावळ्याचं पान अंगणात ठेवलं. शेवग्यावर कावळे दाटले, पण खाली एक येईना. पंगत ताटकळली. जेवण निवत चाललं. भावकीतला एक म्हातारा म्हणाला, "काय राह्यलंय बघा." सगळ्यांनी हातातल्या पत्रिका उघडल्या, 'ती साडी कोनाची दिली' या ओळीवर बोट ठेवलं आणि गहिनीनाथरावांकडं पाहिलं.

ते मुकाट्यानं आत गेले आणि पिशवी घेऊन आले. "नवी आहे," त्यांनी शेवग्याकडं बघत मोठ्यानं सांगितलं. "दुकानातली. कालच घेतली." आणि साडी रेश्माच्या ओंजळीत ठेवली.

तोच कावळा झेपावला आणि पानावरचा वडा उचलून गेला. पंगतीनं सुटकेचा श्वास सोडला. कावळ्याचा विश्वास बसला होता.

रेश्मानं मात्र तिथंच घडी मोडली, पदर उलटा केला आणि उन्हात धरून नीट बघितला.