नारळाचा हप्ता

आमच्या समोरचे बापू माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नाहीत, हातातल्या पिशवीकडे बघतात. मी या गल्लीत नवी नवरी म्हणून आले तेव्हा असेच टक लावून उभे होते. मला वाटलं, रूप बघून गडी जागीच खिळला. आठवडाभर मी उगाच दारात केस विंचरत बसले. पुढं कळलं, माझ्या पिशवीत काय आहे याचा त्यांना घोर लागला होता. शेंगदाण्याचे लाडू होते.

"ह्यात काय तरी हाय," हे त्यांचं पालुपद. दूधवाल्याचं माप, सुनेचं हसणं, सरकारी सुट्टी, सगळ्यात काय तरी हाय. दुसऱ्याच्या घरचा चहासुद्धा आधी हुंगणार, मग पिणार.

गल्लीच्या टोकाला त्यांचं वर्कशॉप. पत्र्याची शेड, लोखंडी पट्ट्या दाबून कापायच्या दोन प्रेस, चार-पाच कामगार. एक विमावाला तिथं चकरा मारायचा. "बापू, कामगाराला इजा झाली तर भरपाई मालकालाच द्यावी लागते. विमा नसला तर खिशातनं. टाळली तर वर व्याज आणि दंड. शेडवर जप्ती येईल."

"हात माझ्या माणसाचा जाणार आणि पैसं तुमी देणार? का, माझं पावणं लागताय? ह्यात काय तरी हाय."

तो गेल्यावर बापूंनी त्याची खुर्ची उलटी करून बघितली.

त्यांचा विमा वेगळाच. दर अमावस्येला प्रेसपुढं नारळ फोडायचा, "हप्ता भरला" म्हणायचं आणि खोबरं वाटायचं. मीही खाल्लंय, चवीनं.

श्रावणात दत्तूच्या उजव्या हाताची दोन बोटं प्रेसखाली गेली. नारळ आदल्याच दिवशी फुटला होता.

दत्तू त्यांचा सगळ्यात जुना कामगार, आमच्या मागच्या खोलीत राहतो. बापूंनीच त्याला दवाखान्यात नेलं, पण गल्ली म्हणाली, आता शेड वाचवायला हातावर काहीतरी टेकवून गप करतील. मीही तेच म्हणाले, जरा मोठ्यानं.

एका संध्याकाळी बापू दत्तूच्या दारात आले. सोबत काळ्या कोटातला वकील. मी आधी त्याच्या पिशवीकडे बघितलं आणि मनात म्हटलं, ह्यात काय तरी हाय. माझी खिडकी दत्तूच्या दाराला लागून आहे. मी चोरून ऐकत नाही, मेथी निवडते. त्या दिवशी मेथी नव्हती, तरी निवडत होते.

दत्तूची बायको सुनंदा तिखट. "मालक, अंगठा घ्यायला आलाय व्हय? घ्या, त्यो तेवढा शाबूत हाय."

"सही माझ्या इरुद्धच्या कागदावर करायची हाय," बापू म्हणाले. "ह्यो वकील तुमचा. माझ्यावर भरपाईची केस घाला."

दत्तू गडबडला. "तुमच्यावर केस? देतो म्हणालाय की मालक. बास झालं."

"शब्दावर जाऊ नगंस. आज तुझा हात डोळ्यापुढं हाय. दोन म्हैन्यांनी पोरगं म्हणंल, शेड इकू नका बाबा. मग मी तुला वळखणार न्हाय. माझा मला भरवसा न्हाय, दत्तू. कागद कर."

मग सुनंदानं चहा ठेवला. दत्तूनं डाव्या हातानं कप पुढं केला, बापूंनी घेतला आणि सरळ तोंडाला लावला.

"हुंगायचं ऱ्हायलं की मालक," दत्तू म्हणाला.

बापू खाली मान घालून पीत राहिले. मी खिडकी लावून घेतली.