दोन डब्या आणि एक दशांश

कवळ्या बनवणाऱ्याने रविवारी सकाळी कोटाच्या एका खिशात पंचकाकांची दुरुस्त केलेली कवळी टाकली आणि दुसऱ्यात देवाचा दशांश. दोन्ही सारख्याच पांढऱ्या डब्यांत, कारण त्याच्या घरात साखर सोडली तर सगळं कवळीच्याच डब्यांत राहायचं. "डब्यांवर काहीतरी लिहा हो," असं बायको कितीदा म्हणाली होती. पण आठवडाभर लोकांचे दात घासून तो इतका दमलेला असे, की पेन शोधणंही जिवावर यायचं.

पंचकाका चर्चच्या मंडळीतले सगळ्यांत जुने पंच. दानाची पिशवी फिरण्याआधी ते दर रविवारी अर्धा तास दशांशावर बोलत आणि "काहीजण" म्हणताना नेमके कवळीवाल्याकडे बघत. तो बिचारा कमाईच्या दहातला एक भाग न चुकता देई, पण त्या नजरेपुढे देणं म्हणजे दंड भरल्यासारखं वाटे. एकदा तरी आनंदाने द्यायला मिळावं, एवढंच त्याला हवं होतं.

चर्चच्या दारात त्याने काकांच्या हातात डबी ठेवली. चारचौघांत दात कुठे बसवायचे, म्हणून काकांनी ती न उघडताच खिशात घातली.

काका बोलायला उठले तसे कवळीवाल्याने सवयीने डोळे मिटले. डुलकी लागते न लागते तोच शेजाऱ्याने कोपर मारलं. पिशवी समोर आली होती. एवढ्यात? त्याने गडबडीने दुसरी डबी आत टाकली.

उपासनेनंतर पाळकांनी त्याला आपल्या खोलीत बोलावलं. टेबलावर कवळी होती आणि समोर पंचकाका, तोंड घट्ट मिटून. कवळीवाल्याने कपाळावर हात मारला.

"काका, चुकलो हो! मग तुमच्या डबीत..."

काकांनी आधी दात बसवले. "पैसे होते! उठण्याआधी हळूच डबी उघडली, तर मला वाटलं, काम जमलं नाही म्हणून आगाऊ दिलेले परत केलेस. बोलायला उठलो, तर तोंडातून नुसती हवा. बसलो खाली."

"आणि ते पैसे?"

"त्यातला दशांश टाकला की लगेच पिशवीत," काका ताठ बसत म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

उरलेले नऊ भाग टेबलावर ठेवून ते तरातरा निघून गेले. पाळक खुर्चीत मागे रेलले. तेही दमलेलेच दिसत होते.

"आज भाषण झालं नाही आणि दान दुप्पट आलं," ते हळूच म्हणाले. "काकांची कवळी जरा सैल वाटली, नाही?"

"छे, घट्ट बसली की."

"नीट बघ रे. चार रविवार तरी लागतील दुरुस्तीला."

कवळीवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं. मग खिशातली शेवटची नोट काढून टेबलावर ठेवली.

"ही दशांशात धरू नका," तो म्हणाला.